पायाची आग, हाताच्या मुंग्या, चेहऱ्यातली कळ: नसांच्या जुनाट दुखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. काउंटरवर लोक जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतलेत, जमेल तिथे त्यांच्याच बोलीत. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. कुठली गोळी आणि किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण चिठ्ठीवर काय लिहिलंय, का लिहिलंय आणि किती दिवस वाट बघायची, हे घेणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. बरेच लोक गोळी लागू पडायच्या आतच ती सोडतात आणि मग "काहीच उपयोग नाही" म्हणत डॉक्टर बदलत फिरतात.

"गुडघे दुखतात ते वेगळं अन् हे वेगळं, हे ओळखायचं कसं?"

वर्णनावरूनच बरंचसं कळतं. गुडघा किंवा मुका मार लागलेली जागा ठणकते, हालचाल केली की वाढते, टेकलं की बरं वाटतं. नसेचं दुखणं बसल्या जागी छळतं. आग होते, मुंग्या येतात, टाचण्या टोचतात, मधूनच करंट बसल्यासारखी चमक जाते. गंमत म्हणजे जिथे आग होते तिथेच हात लावला तर बधिर लागतं. काहींना उलटं होतं. लुगड्याचा काठ घोट्याला लागला किंवा पायावर गोधडी पडली तरी जीव कळवळतो.

जागाही महत्त्वाची. साखरेमुळे किंवा बी-१२ कमी पडल्यामुळे होणारा त्रास दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतो, मोजा चढवावा तसा वर सरकतो, आणि गुडघ्याजवळ पोहोचेपर्यंत हाताची बोटंही धरतो. नस दबली असेल तर एकाच बाजूला, ठरावीक पट्ट्यात कळ जाते.

आत काय होतं ते शेतकऱ्याला पटकन समजतं. विहिरीवरच्या मोटारीची वायर उंदराने कुरतडली की मोटार धड चालत नाही आणि भलत्याच जागी शॉक बसतो. नसेचंही तसंच. पायाला काही झालेलं नसतं, तरी बिघडलेली नस मेंदूला "जळतंय, जळतंय" असा निरोप पाठवत राहते. दुखणं खरंच असतं, फक्त दुखतं तिथे जखम सापडत नाही.

डॉक्टरांकडे यासाठी दहा मुद्द्यांची एक छोटी प्रश्नावली असते. त्यातले चार किंवा जास्त मुद्दे जुळले तर दुखणं नसेचं असण्याची शक्यता बरीच.

"रात्रीच कामून वाढतं?"

दिवसा काम, बोलणं, चालणं यात मेंदू गुंतलेला असतो. रात्री सगळं शांत झालं की त्याच्यापाशी तेवढा एकच निरोप उरतो. त्यात झोप मोडली की दुसऱ्या दिवशी दुखणं सहन करायची ताकदही कमी होते. म्हणून झोप लागणं हा या उपचाराचाच भाग आहे, ती चैन नाही.

"मला साखर नाही, तरी पाय जळायलेत. असं कसं?"

साखर हे सगळ्यात मोठं कारण असलं तरी एकमेव नाही. आपल्याकडे ज्यांचा विचार व्हायला हवा अशी बाकीची कारणं सांगतो.

बी-१२ ची कमतरता. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी, दूध, दह्यात असतं, भाजीपाल्यात जवळजवळ नसतंच. माळकरी घरातली म्हातारी माणसं, ज्यांचं दूधही आता अर्धा कप चहापुरतं उरलंय, त्यांच्यात हे फार दिसतं. भरीस भर म्हणजे साखरेची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तरी बी-१२ उतरतं. ॲसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी रोज उपाशीपोटी घ्यायची अनेकांना सवय असते, तिच्यानेही उतरतं. माझ्या काउंटरवर मेटफॉर्मिन आणि पँटोप्राझोल एकाच पिशवीत जाणं ही रोजची गोष्ट आहे. अशांनी वर्षातून एकदा बी-१२ तपासावं.

दारू. रोजची असेल तर नसांवर थेट परिणाम होतो, आणि पिणाऱ्याचं जेवण कमी झाल्याने बी गटातली जीवनसत्त्वंही घटतात.

टीबीची औषधं. त्यातल्या आयसोनियाझिडमुळे पायाला मुंग्या येऊ शकतात, म्हणून सोबत बी-६ ची गोळी देतात. ती पिवळी-पांढरी किरकोळ गोळी समजून सोडू नका. आणि मुंग्या आल्या म्हणून टीबीचा कोर्सही स्वतःहून थांबवू नका, डॉक्टरांना सांगा. कॅन्सरच्या केमोथेरपीतली काही औषधंही असाच त्रास देतात.

थायरॉइड, किडनीचा जुना आजार, एचआयव्ही हीही कारणं आहेत. कापसावर, तुरीवर तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारणी करणाऱ्यांनी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं, कारण काही कीटकनाशकांची विषबाधा झाली तर दोन-तीन आठवड्यांनी पायातली ताकद कमी होऊ शकते.

आणि कुष्ठरोग. नाव काढलं की लोक उठून जातात, पण तो संपलेला नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, आणि त्यावर स्पर्श कळत नाही, असं असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. बहुऔषधी उपचार मोफत आहे आणि वेळेवर घेतला तर हातापायाचं वाकडेपण टळतं.

"साखर आता कंट्रोलमध्ये आहे. मग आग का जात नाही?"

साखर आटोक्यात ठेवल्याने पुढचं नुकसान थांबतं किंवा मंदावतं. झालेलं नुकसान मात्र लगेच भरून येत नाही. त्यामुळे दुखण्यासाठी वेगळी गोळी लागते, याचा अर्थ साखरेचा उपचार फसला असा नाही.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. वर्षानुवर्षं वाढलेली साखर दोन-तीन महिन्यांत झपाट्याने खाली आणली, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा (एचबीए१सी) रिपोर्टवरचा आकडा दोनहून जास्त उतरवला, जसं अकरावरून नऊच्या खाली, तर काहींना उलट तेव्हाच जोराची आग सुरू होते. इन्सुलिनमुळे पाय जळायले म्हणून लोक इन्सुलिन बंद करतात. बंद करू नका. हा त्रास बहुतेकांचा काही महिन्यांत उतरतो, तोवर दुखण्याची गोळी घेता येते.

"ते लाल इंजेक्शन द्या, त्याने नसांना ताकद येते म्हणायलेत."

लाल इंजेक्शन म्हणजे बी-१२. रक्तात ते कमी असेल तर याच्याइतकं स्वस्त आणि गुणकारी औषध नाही. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर साधारण २०० पिकोग्रॅमच्या खालचा आकडा कमी समजतात, २०० ते ३०० मधला संशयाचा. सुरुवातीला इंजेक्शनं, मग गोळ्या. थकवा काही आठवड्यांत जातो, मुंग्या जायला महिने लागतात, आणि फार उशीर झाला असेल तर थोडा बधिरपणा कायमचा राहू शकतो.

बी-१२ व्यवस्थित असताना महिनोनमहिने टोचून घेण्यात मात्र फारसा अर्थ नाही. आणि शक्य असेल तर पहिलं इंजेक्शन घ्यायच्या आधी रक्त द्या. एकदा टोचलं की रिपोर्ट नॉर्मल येतो आणि मूळ कारण कळायचं राहून जातं.

"बी-कॉम्प्लेक्स काय, कितीही खाल्लं तर चालतं" हा समज धोक्याचा आहे. बी-६ जास्त प्रमाणात बरेच महिने घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात. तसंच रक्त कमी आहे म्हणून नुसती फॉलिक ॲसिडची गोळी घेत राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी-१२ अभावी नसा मात्र बिघडत राहतात.

"कोणकोणत्या तपासण्या कराव्या लागतात? एमआरआय काढायचा का?"

आधी रक्त: साखर आणि तीन महिन्यांची साखर, बी-१२, थायरॉइड, क्रिएटिनिन (यावरून किडनी कळते), हिमोग्लोबिन. याच्यासाठी शहरात जायची गरज नाही. डॉक्टरांनी चप्पल-मोजे काढून पाय बघणं हीसुद्धा तपासणीच आहे: नायलॉनचा एक जाड धागा तळव्याला टेकवून कळतो का बघतात, कंपन करणारा चिमटा अंगठ्याच्या हाडावर ठेवतात, टाचेमागे हातोडीने ठोकतात. ज्यांनी पाय न बघता पाच तपासण्या लिहिल्या, त्यांना "पाय बघता का" असं विचारायला लाजू नका.

नसांची तपासणी, म्हणजे करंट देऊन वेग मोजतात ती, गरज असेल तरच. ती नॉर्मल आली म्हणजे दुखणं खोटं ठरत नाही. आग आणि टोचणी वाहून नेणाऱ्या बारीक नसा त्या तपासणीत दिसतच नाहीत. एमआरआय कंबर किंवा मानेतून कळ येत असेल आणि सोबत ताकद कमी होत असेल, किंवा काही आठवड्यांच्या उपचारानेही फरक पडला नसेल तर. चाळिशीनंतर बहुतेकांच्या एमआरआयमध्ये गादी थोडीफार सरकलेली दिसतेच. तीच दुखण्याचं कारण असेल असं नाही.

"दुखण्याच्या सगळ्या गोळ्या खाऊन झाल्या. एकीनेबी फरक नाही."

कुठल्या गोळ्या, हे विचारलं की बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नाहीतर पॅरासिटामॉल निघतं. या गोळ्या सूज, मार नाहीतर तापासाठी आहेत. नसेच्या दुखण्यावर त्यांचा फारसा उपयोग नाही. ज्यांना साखर आणि बीपी आहे त्यांनी डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक रोज खाल्ल्या तर किडनीचं नुकसान मात्र होऊ शकतं. माझं या बाबतीत मत ठाम आहे: महिनाभर रोज डायक्लोफेनॅक मागणाऱ्याला मी ते देत नाही, मग गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं तरी चालेल.

नसांच्या दुखण्याची औषधं निराळी आहेत. पहिल्या फळीत ही: ॲमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, गॅबापेंटिन आणि प्रेगाबालिन. जगभरातल्या चाचण्या एकत्र करून २०१५ साली जो मोठा आढावा प्रसिद्ध झाला त्यातही हीच नावं वर होती. आणि त्यातला आकडा डोळे उघडणारा आहे. दुखणं निम्म्याने कमी होण्याचा फायदा, नुसत्या पिठाच्या गोळीपेक्षा जास्तीचा, ॲमिट्रिप्टिलिनच्या जातीत साधारण चौघांमागे एकाला मिळाला आणि प्रेगाबालिनमध्ये सात-आठ जणांमागे एकाला. म्हणजे पहिली गोळी लागू न पडणं ही नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा डोस वाढवून बघायचा, नाही जमलं तर दुसरी घ्यायची, नाहीतर दोन जोडायच्या. इंग्लंडमध्ये मधुमेहींवर झालेल्या एका चाचणीत, जी २०२२ मध्ये छापली गेली, ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन आणि प्रेगाबालिन तिन्ही साधारण सारख्याच ठरल्या, आणि एकीने पुरेसा फरक न पडलेल्यांना दुसरी जोडल्यावर आणखी आराम मिळाला.

कोणाला कुठली, हे बाकीच्या आजारांवर ठरतं:

- ॲमिट्रिप्टिलिन स्वस्त, झोप चांगली लागते. पण तोंड कोरडं पडतं, संडासला घट्ट होतं. प्रोस्टेटमुळे लघवी अडणाऱ्या आजोबांना, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असणाऱ्यांना जपून, बऱ्याचदा नकोच. सुरुवात रात्रीच्या १० मिलिग्रॅमपासून.
- ड्युलॉक्सेटिनने पहिले काही दिवस मळमळतं, जेवणानंतर घेतलं तर कमी. लिव्हर खराब असेल किंवा दारू जास्त असेल तर टाळतात.
- गॅबापेंटिन, प्रेगाबालिन किडनीवाटे बाहेर पडतात, त्यामुळे क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो. गुंगी, चक्कर, पायावर सूज, वजन वाढणं हे त्यांचे त्रास. दारू, झोपेची गोळी किंवा ट्रामाडॉल या जोरदार दुखण्याच्या गोळीसोबत घेतल्या तर श्वास मंदावू शकतो. हे हलक्यात घेऊ नका.

एकाच जागी दुखत असेल तर लिडोकेनची पट्टी किंवा कॅप्सेसिनचं मलम हाही मार्ग आहे. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीतला तिखटपणाच. म्हणून घरची मिरची वाटून लावायची नाही, असं सांगावं लागतं, कारण एकाने लावली होती.

"ही तर फिटची गोळी आहे! अन् दुसरी वेडाची. मला काय वेड लागलंय?"

मुलगा मोबाइलवर नाव टाकतो, "डिप्रेशन" किंवा "एपिलेप्सी" असं येतं आणि गोळी कचऱ्यात जाते. एकच औषध वेगवेगळ्या डोसमध्ये वेगवेगळं काम करतं. ॲमिट्रिप्टिलिन उदासीसाठी द्यायचं तर डोस बराच मोठा लागतो. १० किंवा २५ मिलिग्रॅममध्ये ते पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जाणारे दुखण्याचे निरोप कमी करतं. गॅबापेंटिन, प्रेगाबालिन या फिटच्या गोळ्यांचंही तेच: अतिउत्तेजित नस शांत करायची, मग ती मेंदूतली असो की पायातली.

"किती दिवसांत फरक पडंल?"

डोस वाढवत योग्य पातळीवर पोहोचायला दोन-तीन आठवडे, आणि त्या पातळीवर आणखी तीन-चार आठवडे. म्हणजे दीड-दोन महिने दिल्याशिवाय गोळी फेल गेली म्हणू नये. आणि फरक म्हणजे शून्य दुखणं नव्हे. दुखणं दहापैकी आठवरून चार-पाचवर आलं, रात्री सलग पाच तास झोप लागली, बाजाराला पायी जाता आलं, तर गोळी काम करतेय. "थोडंच कमी झालंय" म्हणून तक्रार करणाऱ्या मावशींना मी विचारतो, गेल्या महिन्यात रात्री किती वेळा उठत होता? तेव्हा त्या स्वतःच हसतात.

"गोळीने दिवसभर गुंगी येते. उसाच्या फडात कोयता कसा धरायचा?"

बीड, परभणी, जालन्याकडची जोडपी दसरा-दिवाळीला निघाली की मार्च-एप्रिलपर्यंत फडातच असतात. मुकादमाची उचल घेतलेली, एक दिवस बुडाला की खाडा. पहाटे चारला उठून धारदार कोयता चालवणाऱ्या माणसाला गुंगीची गोळी देणं म्हणजे बोट तुटायला निमंत्रण. ही अडचण डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण ती चिठ्ठीवर दिसत नाही. मार्ग असतात: गोळी झोपायच्या ऐन वेळी न घेता संध्याकाळी सात-आठला घेणं, डोस अगदी हळू वाढवणं, ॲमिट्रिप्टिलिनऐवजी कमी गुंगीची नॉरट्रिप्टिलिन घेणं, दिवसाचा डोस टाळणं. पहिल्या आठवड्यातली गुंगी पुढे बरीच कमी होते. म्हणून शक्य असेल तर गोळी गावी असताना, निघायच्या महिनाभर आधी सुरू करा. आणि निघताना पूर्ण हंगामाची चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासह, जवळ ठेवा. सांगली-कोल्हापूरकडच्या दुकानात तुमच्या ब्रँडची गोळी नसेल, पण त्या औषधाची असेल.

कोयता, विळा, कापूस वेचणी यांच्यामुळे अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येत असतील, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातली नस दबलेली असू शकते. त्याला आधी रात्रीचा मनगटपट्टा, मग गरज पडली तर छोटं ऑपरेशन. त्यावर वर्षभर गोळ्या खात बसू नये.

"बरं वाटलं म्हणून बंद केली, तर आता जास्तच झालंय."

या गोळ्या एकदम बंद करत नाहीत. झोप उडते, घाम, बेचैनी, मळमळ होते, आणि फिटचा आजार असणाऱ्याला फिट येऊ शकते. सहा महिने बरं गेलं तर डॉक्टरांना विचारून आठवड्या-आठवड्याने कमी करता येतात. काहींची पूर्ण सुटते, काहींची अगदी कमी डोसवर चालू राहते.

"दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या आहेत. दोन्ही घेऊ का?"

आधी मला किंवा तुमच्या मेडिकलवाल्याला दोन्ही दाखवा. हे मी आठवड्याला बघतो: साखरेच्या डॉक्टरांनी प्रेगाबालिन आणि मिथाइलकोबालामिनची (म्हणजे बी-१२ ची) एकत्र कॅप्सूल दिलेली, हाडाच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच कंपनीची प्रेगाबालिन आणि नॉरट्रिप्टिलिनची गोळी दिलेली. नावं वेगळी, रंग वेगळे, आत औषध तेच. आजी दोन्ही घेते, मग रात्री लघवीला उठताना पडते आणि खुबा मोडतो. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ औषध वाचा, नसेल दिसत तर वाचून घ्या.

"नागीण झाली होती, बरी झाली, पण जागा अजून जळतेय."

नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू, नसेत लपून राहिलेला, वय झालं किंवा प्रतिकारशक्ती घटली की उठतो. फोड सुकल्यावरही तीन महिन्यांपुढे आग राहिली तर ती नसेची आग. साठीनंतर हे जास्त होतं. उपचार वर सांगितलेल्याच गोळ्या, शिवाय लिडोकेनची पट्टी.

खरी लढाई पहिल्या तीन दिवसांची असते. फोड उठल्यापासून ७२ तासांत असायक्लोविरसारखं औषध सुरू झालं तर आजार आटोक्यात राहतो. आपल्याकडे हे तीन दिवस गेरू लावण्यात आणि नागीण उतरवून घेण्यात जातात. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हे खोटं आहे. ती एका नसेच्या पट्ट्यात, बहुतेक वेळा अंगाच्या एकाच बाजूला उठते. उतरवायचं समाधान हवं असेल तर करा, पण आधी दवाखाना. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोसची लस २०२३ पासून भारतात मिळते. महाग आहे.

"जबड्यात करंट बसतो. दाढ काढली तरी थांबंना."

वारा लागला, चूळ भरली, दात घासले, भाकरी चावली की गालात काही सेकंदांची भयंकर चमक, आणि मधे काहीच नाही, असं असेल तर दाढ निर्दोष असू शकते. चेहऱ्याच्या नसेचा हा वेगळा आजार आहे आणि त्याला कार्बामॅझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन चांगलं लागू पडतं. दुसरी दाढ काढायच्या आधी मेंदूविकारतज्ज्ञ गाठा. कार्बामॅझेपिन सुरू केल्यावर अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून लगेच दवाखान्यात जा. गोळ्यांनी भागलं नाही तर नसेवरचा रक्तवाहिनीचा दाब काढायचं ऑपरेशन मोठ्या शहरात होतं.

"कंबरेतून पायात कळ जाते. ऑपरेशन करावंच लागंल का?"

बहुतेकांना नाही. सहा ते बारा आठवड्यांत बरेच जण सुधारतात. पडून राहू नका, जमेल तेवढं चाला, वाकून पोतं उचलू नका, फिजिओथेरपी शिकून घरी करा.

"डाग दिला तर बरं होतं म्हणायलेत. तेल, मालिश, शेक?"

डाग नको. बधिर पायाला डाग दिलेला कळत नाही, जखम चिघळते, आणि साखर असेल तर बोट गमवायची वेळ येते. निर्गुडीचा पाला, हलकी मालिश याने बरं वाटत असेल तर हरकत नाही, पण शेक दुसऱ्याच्या हाताने तपासून. गरम पाण्यात पाय बुडवायचे असतील तर पाणी कोपराने बघा.

आठवडी बाजारातल्या कागदी पुड्यांपासून दूर राहा. दोन दिवसांत जादू करणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. चेहरा गोल सुजतो, साखर चारशेपार जाते आणि अचानक बंद केली तर माणूस कोसळतो.

"तुळजापूरला अनवाणी चालत जायचा नवस आहे."

कोजागरीला माणसं कुठून कुठून चालत जातात, नवसाची गोष्ट मी मोडायला सांगणार नाही. पण पाय बधिर असेल तर तापलेल्या डांबरावर तळवा भाजतो आणि कळत नाही. संध्याकाळी रक्ताचा ठसा उमटला की कळतं. देवीला सांगून मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल घाला. रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघा. दिसत नसेल तर नातवाला दाखवा, पोरांचे डोळे तीक्ष्ण असतात. भेगांना खोबरेल किंवा व्हॅसलीन, बोटांच्या बेचक्यात मात्र काही लावू नका. कुरूप ब्लेडने कापू नका. बूट घालण्याआधी झटका. खडा, विंचू दोन्ही निघतात.

"कुठं दाखवायचं? अन् पैसे?"

आधी गावचे एमबीबीएस किंवा एमडी मेडिसिन डॉक्टर, नाहीतर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. तिथे न उलगडल्यास मेडिकल कॉलेज: छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेडचं विष्णुपुरीतलं, लातूरचं, अंबाजोगाईचं. जाताना जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, रिकामी पाकिटं न्या, आणि एका कागदावर लिहा: कधीपासून, कुठून कुठे सरकतं, कशाने वाढतं, झोप किती. गर्दीत डॉक्टरांना तुमच्यासाठी चार-पाच मिनिटं असतात, तो कागद कामी येतो.

महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे, महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. त्यासाठी जनऔषधी केंद्र. या आजाराची बहुतेक औषधं तिथे मिळतात आणि ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त पडतात. हे सांगून मी माझंच गिऱ्हाईक घालवतोय, पण औषध वर्षभर घ्यायचं असेल तर परवडलं पाहिजे.

"घरचे म्हणतात नाटकं करते. सून म्हणते सगळं तर धडधाकट दिसतंय."

दिसत नाही, हाच या दुखण्याचा त्रास. एकदा सुनेला किंवा मुलाला डॉक्टरांपुढे सोबत बसवा, त्यांच्या तोंडून ऐकलं की घरातली बोलणी कमी होतात. दोन-दोन वर्षं झोप नसलेलं माणूस चिडचिडं होतं, रडतं, कोणाशी बोलेनासं होतं. त्याचाही उपचार आहे, आणि तो केला तर दुखणंही सुसह्य होतं. जगणं नको वाटत असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर कधीही फोन करा, मराठीत बोलतात.

"पाय कापला, तरी नसलेला पाय दुखतो. कोणाला सांगायचं?"

डॉक्टरांना सांगा, ते हसणार नाहीत. हे माहितीचं दुखणं आहे. गोळ्या त्याच, शिवाय आरशासमोर चांगला पाय हलवायचा व्यायाम काहींना उपयोगी पडतो. फिजिओथेरपिस्ट शिकवतात.

"लगेच पळायचं कधी?"

दोन्ही पायांतली ताकद काही दिवसांत कमी होत वर चढत असेल, गिळायला किंवा श्वासाला जड जात असेल. लघवी अडली, संडासवर ताबा राहिला नाही, किंवा बसतो त्या भागात बधिरपणा आला. पाऊल अचानक लोंबायला लागलं. बधिर पायावर काळा डाग, पू किंवा वास. एका बाजूचा हात-पाय-चेहरा एकदम लुळा पडला. यात सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

"रात्रीची गोळी विसरली तर सकाळी दोन घेऊ का?"

नाही. रात्री उशिरा आठवली आणि पहाटे लवकर उठायचं नसेल तर घ्या, नाहीतर सोडून द्या. दुसऱ्या रात्री नेहमीची एकच.